धावदोऱ्याचा सीझन

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्या पिंपळीत पांढरं कापड बाहेर वाळत घालायची सोय उरत नाही. साखर कारखान्याची चिमणी पेटलेली असते, आणि वारा आमच्या अंगाला वळला की काजळीचे पातळ काळे कण उडत येऊन दोरीवरच्या कपड्यांवर बसतात. फुंकर मारली तर जातात, हातानं झटकले तर पसरतात. हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, तरी दर वर्षी पहिल्या दिवशी प्रत्येकीची एखादी चादर जातेच. काल माझं मॅटी गेलं. खळ जावी म्हणून धुतलेलं, भरतकामाला काढलेलं दीड मीटर पांढरं मॅटीचं कापड. दोरीवरून काढलं, डाग बघितले, आणि ते मांडीवर घेऊन तशीच पायरीवर बसले. पुन्हा धुवायचं त्राण अंगात नव्हतं.

"काय झालं गं?" आतून नानांनी विचारलं.

"सीझन सुरू झाला."

"मग धुऊन टाक की परत."

धुऊन टाक, म्हणे. सांगायला काय जातंय! नाना म्हणजे माझे यजमान. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून लिहिताना मीही म्हणते. तीस वर्षं ते कारखान्यात फिटर होते. आमच्याकडं हंगामाला हंगाम कुणी म्हणत नाही, सीझनच म्हणतात, आणि फिटरच्या घरी सीझन म्हणजे माणूस घरात नसण्याचे महिने. पहाटे भोंगा झाला की नाना सायकलवर, परत येतील तेव्हा कपड्यांना ग्रीसचा आणि मळीचा वास. तो वास गोड असतो की आंबट, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी मात्र एक सीझन असा आला की भोंगा झाला आणि नाना घरातच होते.

दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. बारामतीच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून घरी आणलं तेव्हा वाचा बरीचशी आलेली होती, पाय काठीच्या आधारानं ओढत टाकत होते, तोंड एका बाजूला जरा वाकडं राहिलं होतं. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत होता. बोटं हलायची, पण काही धरायची नाहीत. पहाटे भोंगा झाला की ते उशीवरून मान उचलायचे आणि परत ठेवायचे. मी बघितलं नाही असं दाखवायची.

उजवा हात गेला म्हणजे काय गेलं, हे बाहेरच्या माणसाला लवकर समजत नाही. सही गेली, काम गेलं, हे लोकांना कळतं. आमच्या घरात आधी गेलं ते जेवण. डाव्या हातानं जेवायचं नसतं, हे नानांच्या हाडात भिनलेलं. लहानपणी डावा हात ताटाला लागला तर आईनं उलथनं मारलं होतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, चमचा धरा डाव्या हातात. नाना म्हणाले, "त्या हातानं काय काय करतो मी, म्हाईत हाय का तुमास्नी? त्याच हातानं खाऊ?" मग भरवायचं कुणी? मी. तेही दार लावून. लेक पुण्याहून आला तरी त्याच्यासमोर ते घास घ्यायचे नाहीत, तोंड मिटून बसायचे. मी तेव्हा शाळेत नोकरीला होते. रजा संपली तशी सकाळी त्यांना भरवून शाळा, मधल्या सुट्टीत धावत येऊन परत भरवणं, संध्याकाळी परत तेच. स्वतःचं जेवण मी ओट्यापाशी उभ्यानं उरकायची. पहिले काही दिवस माणसं भेटायला येत होती, शहाळी आणत होती. पुढं कमी झाली. रोज मरे त्याला कोण रडे, तसंच ते, त्यात कुणाला बोल लावण्यासारखं काही नाही.

आणि नेमकं त्याच सीझनमध्ये लग्न. माझी नणंद कळंबला दिलेली, तिच्या थोरल्या लेकीचं फाल्गुनात ठरलं. नाना म्हणजे नवरीचा एकुलता एक मामा. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. नणंद आली, भावाचा हात हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "दादा, तू हुबा ऱ्हायलास की झालं. माझी पोर उजवली."

"हुबा ऱ्हाईन," नाना म्हणाले. "जेवायला थांबणार न्हाय."

हल्ली लग्नात सगळीकडं बुफे असतो, पण मानाच्या माणसांची पंगत अजून बसते, आणि मुलीचा मामा त्यात पहिला. मामा न जेवता गेला तर मुलीकडचं काहीतरी बिनसलं आहे असं वरपक्ष समजतो, आणि ते बोलणं मग त्या पोरीला जन्मभर ऐकावं लागतं. हे नानांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तर नणंद जायला निघाली तेव्हा ते तिच्याकडं बघेनात. फाल्गुनाला चार महिने होते.

मी त्यांना बारामतीला व्यायामाला न्यायची. तिथली व्यायाम घेणारी मुलगी गोड होती. तिनं अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून दाखवलं. "काका, ही चिमूट आली पाहिजे. घास धरायला एवढीच लागते." तिनं रंगीत चिकणमातीचा गोळा दिला, मळायला. घरी आल्यावर नानांनी तो डाव्या हातानं अंगणात भिरकावला. "पोरं खेळत्यात त्येच्याशी." मग वाटाणे निवडायला दिले. ते दोन दिवस निवडले आणि तिसऱ्या दिवशी वाटी पालथी झाली.

मी तेव्हा फार थकले होते. हे सरळ लिहिते, कारण त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. थकवा पायात नव्हता, तो डोळ्यांच्या मागं कुठंतरी होता. संध्याकाळी कामं आटोपून मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायची आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहायची. शेजारच्या शमीमभाभींनी ते खिडकीतून बघितलं. त्यांच्या घरचं बारामतीत मॅचिंगचं दुकान, आणि त्या स्वतः भरतकामात फार तरबेज. एका संध्याकाळी त्या आल्या, माझ्या मांडीवर मॅटीचा तुकडा, लाकडी रिंग, एक जाड सुई आणि लाल दोऱ्याची लडी ठेवली.

"बाई, असं भिताडाकडं बघत बसू नगा. डोकं फिरंल. कायतरी हातात धरा."

"भाभी, मला कुठं येतंय?"

"धावदोरा तर येतो? वर-खाली, वर-खाली. त्येला काय अक्कल लागती?" मग दोरा कोपरापर्यंत मोजून कापून दाखवला. "एवढाच घ्यायचा. आमची अम्मी म्हणायची, आळशाचा दोरा लांब. लांब घेतला की गुतला."

खरं तर शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मीच मुलींना टाके शिकवले होते. धावदोरा, उलटी टीप, साखळी, काज. मुलींना सुया आणि मुलांना पुठ्ठ्याच्या डब्या, अशी वाटणी मी वर्षानुवर्षं केली, आणि एकाही वर्षी ती खटकली नाही. आता मात्र स्वतः बसले तर हात शिकाऊ पोरीसारखा. एक टाका तांदळाएवढा, दुसरा गव्हाएवढा. पण सहा भोकं सोडून सुई खाली, तीन भोकं सोडून वर, यात दहा मिनिटं गेली, आणि त्या दहा मिनिटांत भिंत दिसली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले.

चौथ्या-पाचव्या दिवशी पलंगावरून आवाज आला. "ते तिरकं चाललंय."

"काय?"

"तुझी लाईन. तिसऱ्या टाक्यापास्नं खाली घसरलीय."

बघितलं तर खरंच. फिटरचा डोळा तो, दोन सूत इकडंतिकडं सहन होत नाही. मला राग आला. दिवसभर राबायचं आणि वर हे! मी रिंग त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मग तुमी काढा सरळ."

रागानं बोललेलं कधीकधी कामी येतं. नानांनी डाव्या हातानं रिंग मांडीवर दाबून धरली, सुई मी उजव्या बोटांत अडकवून दिली. ती पडली. परत दिली, परत पडली. भाभींनी मग सुईच्या वरच्या अंगाला दोरा गुंडाळून ती जाड करून दिली. पहिल्या दिवशी नानांनी दोन टाके घातले आणि घामाघूम झाले. दुसऱ्या दिवशी तीन. सुईत दोरा ओवायचं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी शाळेत जायच्या आधी आठ-दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. दुपारी आले की विचारायची, किती झाल्या? दाराची कडी मात्र आतून लावलेली असायची. नाना सुई घेऊन बसले आहेत हे कुणाला कळता कामा नये, ही सक्त ताकीद.

आता भाची मोबाईलवर भरतकामाचे व्हिडिओ पाठवते. पाच मिनिटांत सोपं फूल, नवशिक्यांसाठी पाच टाके, मन शांत करणारा छंद. त्या बायकांची नखं स्वच्छ असतात, पाठीमागं खिडकी, खिडकीत कुंडी. मी बघते, आवडतं. पण शांतबिंत काही होत नाही हो. सुईनं माझी काळजी कमी झाली नाही, कामं कमी झाली नाहीत. एवढंच झालं, की दिवसातला एक तुकडा असा निघाला ज्यात चुकलं तर उसवता येतं. बाकीच्या दिवसाला ती सोय नव्हती. कुणाला भरतकाम सुरू करायचं असेल तर मी सांगते, मॅटी घ्या, जाड सुई घ्या, दोरा आखूड ठेवा, आणि फूल काढायच्या भानगडीत लगेच पडू नका.

पौषात बोटं बरीच वळायला लागली. जाड सुई जाऊन टोकदार सुई आली, धावदोरा जाऊन उलटी टीप आली. एका रविवारी मी दाराची कडी लावायला विसरले. दत्तूतात्या, नानांचे वर्कशॉपमधले जोडीदार, दोन माणसांना घेऊन सरळ आत आले. नाना दचकले. रिंग गोधडीखाली सरकवायला गेले तर सरकेना. ओढली तर तिच्याबरोबर पायजमा वर आला. उजव्या मांडीला स्पर्श कळत नव्हता त्यांच्या. सकाळपासून घातलेला एकेक टाका मॅटीतून पायजम्यात गेला होता, चांगला वीतभर, आणि ओळ अगदी सरळ.

सगळे उभेच राहिले. नानांचं तोंड लाल झालं. मला वाटलं, संपलं. आता हे सुईला परत हात लावायचे नाहीत.

दत्तूतात्या वाकले, चष्मा कपाळावर नेऊन नीट बघितलं. "आरं नाना, पायजम्याला खिसा लावतुयास व्हय?"

मग नानांच्या वाकड्या तोंडातून एक फुस्स आवाज आला, आणि ते हसायला लागले. दसऱ्यापासून पहिल्यांदा. "खिसाच हाय," ते म्हणाले. "तुज्या बंडीला बी लावून देतो, थांब." तात्या हसले, ती दोन माणसं हसली, दारात शमीमभाभी येऊन ठेपल्या त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. मी कात्री घेऊन खाली बसले आणि टाके उसवायला लागले. मला मात्र हसू येईना. डोळे सारखे भरून येत होते आणि दोरा दिसत नव्हता.

"बाई, पायजमा कापू नगा," भाभी दारातून ओरडल्या. "कापड माज्या दुकानचं हाय."

दुसऱ्या दिवशी तात्या घरचा एक लहान शिकंजा घेऊन आले, टेबलाच्या कडेला कसायचा. त्यात रिंग पकडून दिली. दोघं जण अर्धा तास तिचा कोन लावत होते, जणू उसाच्या चरकाचा रोलरच बसवतायत. त्यानंतर कडी लावणं बंद झालं. कोण आलं गेलं तरी नाना टेबलाशी बसलेले. पट्टीनं आखून त्यांनी पहिलं चित्र काढलं ते सहा कोनांच्या नटाचं. मध्ये गोल भोक, बाहेर सहा बाजू, काळ्या दोऱ्यानं, उलटी टीप. भाभी म्हणाल्या, "नाना, येक बी फूल न्हाय व्हय?" नाना म्हणाले, "आमचं फूल ह्येच."

असं सगळं छान छान चाललं होतं असं मात्र कुणी समजू नये. चित्र निघत होतं, घास धरला जात नव्हता. सुई हलकी आणि कडक. भाताचा घास मऊ, ओला, त्याला चार बोटं लागतात. रोज संध्याकाळी दार लावून आम्ही प्रयत्न करायचो. घास उचलायचा, छातीपर्यंत यायचा आणि सांडायचा. फाल्गुन जवळ आला तशी नानांची चिडचिड वाढली. एका संध्याकाळी त्यांनी चांगला निघालेला नट, एक बाजू सूतभर बाहेर गेली म्हणून, सगळा उसवायला लावला. उसवल्यावर म्हणाले, "सुई ओवून दे." मी दिली. "ही नगं, बारीक दे." ती दिली. "उजेड दे जरा."

मी सुयांची उशी भिंतीवर फेकली. "मी दमले," मी म्हणाले. ओरडलेच. "तुमचा हात ईल न्हाय ईल, मला म्हाईत न्हाय. मी दमलेय. मला कुणी इचारलं का, तू जेवलीस का म्हणून?"

मग मी वाकून सुया वेचल्या, कारण अनवाणी पायात गेल्या असत्या तर ते निस्तरायलाही मीच होते. पुढचे दोन-तीन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. खरं सांगते, मला त्या दिवसांत त्यांची दया येत नव्हती. माझीच येत होती.

लग्न दुपारच्या मुहूर्तावर होतं. पिंपळीहून जीपनं कळंबला जाईपर्यंत रस्त्याला उसाच्या गाड्यांनी तीनदा अडवलं. नाना मंगलाष्टकांना उभे राहिले, काठी न घेता. भाचीच्या खांद्यावर डावा हात होता, आणि लोकांना वाटलं मामानं तिला धरलंय. अक्षता पडल्या. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "निघायचं का?" जीपवाल्याला सांगून ठेवलं होतं.

"जेवून जाऊ," ते म्हणाले.

मानाची पंगत बसली. नाना व्याह्यांच्या शेजारी. मी त्यांच्या पाठीशी, हातात टॉवेल, लागलंच तर पुढं व्हायला. मसालेभात आला, वांगं आलं, पुरी आली. नानांनी उजवा हात पानावर आणला. बोटं जुळली. पहिला घास तोंडात गेला. दुसरा गेला. तिसरा अर्धा गेला, आणि चौथा छातीपर्यंत येऊन पांढऱ्या सदऱ्यावर पडला. हात पानाच्या कडेवर आपटला, वरण सांडलं. व्याह्यांनी नजर आपल्या पानात घातली. समोरच्या ओळीतला एक म्हातारा घास थांबवून बघत राहिला. चार महिने आम्ही त्या हाताच्या मागं होतो, आणि तो साडेतीन घासांनी दमला.

मी एक पाऊल पुढं टाकलं.

नानांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, दमलेल्या पोराला बाजूला बसवावं तसा. डावा हात पाण्यानं धुतला. आणि त्या हातानं, सगळ्या पंगतीदेखत, पुरीचा तुकडा मोडला, वांग्यात बुडवला आणि खाल्ला. मोडताना पुरी पानाबाहेर गेली ती परत ओढून घेतली. वाढपी पोळपाटाएवढं बुंदीचं ताट घेऊन समोर थबकला होता.

"वाढ की," नाना त्याला म्हणाले. "थांबलास का?"

तो वाढायला लागला. व्याह्यांनी हाक मारून मामांना मठ्ठा द्यायला सांगितलं, आणि तांब्या उचलून नानांच्या डाव्या हाताला ठेवला. मला तेव्हा कळलं ते एवढंच, की चार महिने हा माणूस चारचौघांत चुकायला शिकत होता, आणि मी त्याला जेवायला शिकवत होते.

मग मान न वळवता ते म्हणाले, "तू का हुबी? जा, जेव जा. माझं व्हतंय."

मी गेले. बायकांच्या पंगतीत नणंदेनं जागा केली, टॉवेल माझ्या हातातून काढून घेतला. कुणीतरी पान मांडलं, कुणीतरी मीठ वाढलं. भात गरम होता. दुसऱ्याच्या हातचं, बसून, गरम. मी खाल्ला आणि परत मागून घेतला. आजूबाजूला काय बोलणं चाललं होतं ते मला आठवत नाही, कारण दुसरा भात संपायच्या आत बसल्या जागी माझा डोळा लागला. नणंदेनं हलवून उठवलं तेव्हा पंगत उठून गेली होती, आणि माझ्या हातात घास तसाच होता.